दौलत मिस्त्रींचा अंगठा

“केसभर जास्त हाय,” दौलत मिस्त्री डोळे मिटूनच म्हणाले, आणि माझी बाविसावी पट्टी त्यांनी टेबलावरून बाजूला सारली.

मग ते उठले. ओलं फडकं घेतलं आणि शेडच्या पत्र्यावर खडूने ओढलेल्या माझ्या एकवीस रेघा सावकाश पुसून टाकल्या. घाई नाही, राग नाही. जेवण झाल्यावर ताटाखालची जागा पुसावी तसं.

“मिस्त्री, मी मापली होती ती,” मी म्हणाले. “दोन मिलिमीटर. पुरी दोन.”

“कशानं मापली?”

“व्हर्नियरनं.”

“लोखंडाले लाकडाचं काय समजते?” असं म्हणून त्यांनी सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पुडी सोडली. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. परतवाड्यात लाकूड कापायच्या आरा मशीनच्या गल्लीत, सगळ्यात शेवटी, दौलत मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. तिथे तिरंदाजीची धनुष्यं बनायची. पुष्कळांना वाटतं की धनुष्य म्हणजे वाकवलेली काठी. तसं नसतं. सागाच्या आणि बांबूच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून धनुष्याचे दोन हात बनतात, एक वरचा आणि एक खालचा. दोन्हींच्या पट्ट्या सारख्या जाडीच्या लागतात. नाहीतर एक हात ताठ, दुसरा लेचापेचा, आणि बाण कुठे जाईल ते सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही.

त्या पट्ट्या घासायचं काम माझं. सँडर नावाच्या यंत्रात पॉलिश पेपर गुंडाळलेला एक रूळ गरगर फिरायचा. रूळ आणि फळी यांच्यामधल्या फटीतून पट्टी सरकवायची, फट जराशी कमी करायची, पुन्हा सरकवायची. दिवसातून शंभर वेळा. घरी जाईपर्यंत भुसा डोक्यात इतका बसायचा की आई मला अंगणातच थांबवून झाडणीने झाडायची.

मला खरं तर गोंदाच्या खोलीत जायचं होतं. शेडच्या एका कोपऱ्यात, दार लावून घेता येईल अशी ती खोली होती. तिथे पट्ट्या साच्यात घालून चिकटवल्या जायच्या. म्हणजे धनुष्य खरं तिथे जन्मायचं, आणि ते काम मिस्त्री एकटे करायचे. मी आले त्याच दिवशी त्यांनी मला अट सांगितली होती. लागोपाठ चोवीस पट्ट्या त्यांच्या अंगठ्याखालून पास झाल्या की एक धनुष्य मी स्वतःच्या हाताने चिकटवायचं. एक जरी नापास झाली तरी पुन्हा पहिल्यापासून.

मला हसू आलं होतं. मी आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केलेला, तीस मुलांत एकटी मुलगी, आणि दुसरा नंबर. बक्षीस म्हणून मिळालेलं व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून जाडी मापायचं लोखंडी माप, मी लाल मखमलीच्या पिशवीत ठेवायचे, आणि ती पिशवी माझ्या झोळीत. केसाच्या जाडीचाही हिशेब ते सांगायचं. चोवीस पट्ट्या म्हणजे काय, आठवड्याभराचं काम.

आठ महिने झाले होते. माझ्या रेघा कधी एकोणिसावर पुसल्या जायच्या, कधी बाविसावर. एकदा तेविसावर. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही.

अंगठ्याची मात्र मोठी ख्याती होती. मिस्त्री पट्टी मांडीवर आडवी ठेवायचे, डोळे मिटायचे आणि उजवा अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. मग “बराबर”, “जाड” किंवा “पातळ”. आरा मशीनवाले लोक आपल्या पाहुण्यांना ते बघायला घेऊन यायचे. शिवाय मिस्त्री कधी घाईने निकाल द्यायचे नाहीत. सकाळी पट्ट्या नेल्या की म्हणायचे, “गरम हाय अजून लाकूड. ठेव तथी. जेवन झाल्यावर पाहतो.” मला ते पटायचंही. घासताना पट्टी तापते हे खरंच आहे. आणि अनेकदा दुपारी ते म्हणायचे तेच बरोबर निघायचं. पातळ म्हणाले आणि मी पुन्हा मापली की टोकाला खरोखर पातळ भरायची. म्हणूनच तर मी आठ महिने गप्प बसले.

“वो तेरे चोवीस होने नहीं देता,” गफूरभाई मला म्हणाले. ते आमच्याकडे कापणीच्या मशीनवर होते, मिस्त्रींच्याच वयाचे, आणि मिस्त्रींची गंमत करायला मिळाली तर बिडी विझवून येणारे. “लिख के ले. बुढ्ढे का अंगूठा नहीं, मूड चलता है.”

“मग काय करू?”

“पकड उसको. एक ही पट्टी तीन बार दे.”

मंगळवारी सकाळी मी आदल्या दिवशी घासलेल्या, चांगल्या थंड झालेल्या पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. “मिस्त्री, या कालच्या आहेत. गरम नाहीत. आत्ताच पाहा ना.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, खर्रा या गालातून त्या गालात नेला. गफूरभाई मशीन बंद करून जवळ येऊन उभे राहिले होते. मग मिस्त्रींना डोळे मिटावेच लागले.

एका पट्टीच्या कडेला मी पेन्सिलचा बारीक ठिपका दिला होता. ती पहिल्यांदा दिली. “जाड,” मिस्त्री म्हणाले. मधल्या चार झाल्यावर तीच पुन्हा सरकवली. “पातळ.” आणि शेवटी तिसऱ्यांदा. अंगठा सावकाश फिरला, भुवया वर गेल्या. “हे बराबर हाय. याले म्हनतात काम.”

गफूरभाई तोंडात रुमाल कोंबून मशीनमागे गेले. मला हसू आलं नाही. आठ महिने माझ्या अंगावरून गेले होते. मी ठरवलं की याचा निकाल चारचौघांत लावायचा.

संधी दोन दिवसांवरच होती. गुरुवारी दुपारी सोळंके मॅडम येणार होत्या. त्या क्रीडा वसतिगृहात मुलींना धनुर्विद्या शिकवायच्या. त्यांच्या मुली मिस्त्रींचीच धनुष्यं वापरायच्या, पण आता मॅडमना यंत्रावर मापलेली धनुष्यं कुठून तरी दुसरीकडून मिळत होती, आणि इथलं काम एकदा नीट बघून मगच त्या ठरवणार होत्या. मिस्त्रींनी त्यासाठी दाढी केली होती. ते महिन्यातून एकदाच दाढी करत.

मी सात पट्ट्या तयार केल्या. सहा बरोबर दोन मिलिमीटरच्या आणि एक कागदभर पातळ. पातळ पट्टीवर ठिपका दिला आणि तो गफूरभाईंना दाखवून ठेवला. बेत साधा होता. मॅडमसमोर मिस्त्रींनी अंगठा फिरवायचा, चुकीची पट्टी उचलायची आणि मी व्हर्नियर काढून दाखवायचं. व्हर्नियर हाताशी असावं, पण मिस्त्रींच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी ते त्या दिवशी झोळीत ठेवलंच नाही. जेवणाच्या डब्याच्या तळाशी ठेवलं आणि वर फडक्यात गुंडाळलेली भाकर.

गुरुवारी जेवायच्या सुट्टीत डबा माझ्याजवळच होता. गफूरभाईंबरोबर बाहेर कडुनिंबाखाली जेवायला बसले आणि पाण्याची बाटली आत राहिली म्हणून डबा घेऊनच परत गेले, तर मिस्त्री माझ्या खुंटीपाशी उभे होते. माझी झोळी त्यांनी काढून टेबलावर उपडी केली होती. ओढणी, कंगवा, बसचा पास, लाल मखमलीची पिशवी. पिशवी त्यांनी उलटी करून झटकली. मग आत दोन बोटं घालून पाहिलं.

मी दारातच थांबले. पहिल्यांदा संताप आला. मग दिसलं की त्या लाल पिशवीवर काहीतरी ठिबकत होतं, आणि ते पिशवीपेक्षा गडद होतं.

“मिस्त्री.”

ते दचकले. “पानी शोधत होतो,” ते म्हणाले. कंगव्यात.

“तुमच्या अंगठ्यातून रक्त येते आहे.”

त्यांनी हात वर करून पाहिलं. उजव्या अंगठ्याच्या पेरात लाकडाची चांगली बोटभर कूस आडवी घुसली होती. त्यांनी तिच्याकडे दुसऱ्या कोणाच्या हाताकडे बघावं तसं पाहिलं.

“कधी गेली काय मालूम,” ते म्हणाले.

मी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि कूस ओढून काढली. ती निघताना मलाच शिरशिरी आली. ते मात्र खिडकीबाहेर बघत होते.

“दुखलं नाही?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“तीस वर्ष घासलं न, बाई. आता काही समजत नाही त्याले. गरम नाही, थंड नाही.” मग अंगठा उलटसुलट बघत, “दोन-अडीच वर्ष झाले असतीन.”

तेव्हा मला एकदम आठवलं. कित्येकदा संध्याकाळी व्हर्नियरच्या जबड्यात सुपारीचा चुरा सापडायचा. परतवाड्यात अर्धं गाव खर्रा खातं, उडत आला असेल म्हणून मी फुंकर मारून टाकायचे. जेवण झाल्यावरच निकाल. गरम लाकूड. मी कडुनिंबाखाली भाकर खात असताना ते इथे बसून माझ्याच व्हर्नियरने माझ्या पट्ट्या मापत होते.

तेवढ्यात बाहेरून गफूरभाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा दुप्पट मोठा.

“आइये मॅडम, आइये. आज तुम्हाला मिस्त्री का अंगूठा दिखाते. ललितानं सब तयारी करून ठेवली.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. तयारी कसली, ते त्यांना न सांगता कळलं. त्यांनी धोतराच्या सोग्याला अंगठा पुसला, टेबलाजवळच्या स्टुलावर जाऊन बसले आणि पाठ ताठ केली.

सोळंके मॅडम उंच होत्या, आवाज मैदानावरचा. “अंगठ्याबद्दल मी फार ऐकलंय मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “पण खरं सांगू का, माझा विश्वास नाही. मुलींचा सगळा मोसम या पट्ट्यांवर असतो. अंगठ्यावर कसं सोडू?”

“नका सोडू,” मिस्त्री म्हणाले. “पाहून घ्या.”

“सात पट्टी है,” गफूरभाईंनी जाहीर केलं. “एक खोटी. मिस्त्री आँख बंद करके बताएगा.” आणि मला डोळा मारला.

मी त्यांना खुणेने नको म्हणाले. त्यांना वाटलं मी हसू दाबते आहे. ते अजून खूश झाले.

मिस्त्रींनी डोळे मिटले. नुसते मिटले असते तरी चाललं असतं, पण मॅडमनी वरून स्वतःचा रुमाल बांधला.

मी पहिली पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. “घ्या मिस्त्री.”

अंगठा फिरला. त्याच्यामागे पट्टीवर रक्ताची फिकट रेघ उमटत होती. ती फक्त मला दिसत होती असं मला वाटलं. मॅडम अंगठ्याकडे नाही, मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

“घ्या मिस्त्री.” दुसरी.

“घ्या मिस्त्री.” तिसरी. चौथी.

पाचवीला ठिपका होता. खोकावं का, असा विचार मनात आला, पण गफूरभाई दिवसभर खोकत असत. पायाने स्टूल हलवावं तर मॅडम शेजारीच. अंगठा वाट बघत हवेत थांबला होता. त्या क्षणी मला त्या माणसाची इतकी दया आली आणि इतका रागही आला, की दोन्हींतलं कोणतं जास्त ते आजही सांगता येणार नाही.

“घ्या काका,” मी म्हणाले.

आठ महिन्यांत मी त्यांना कधी काका म्हटलं नव्हतं. त्यांना ते आवडायचंही नाही, कारखान्यात नातं नको म्हणायचे. अंगठा पट्टीच्या मध्यावर जरासा अडला. मग पुढे गेला, टोकाला पोचला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

“घ्या मिस्त्री.” सहावी. “घ्या मिस्त्री.” सातवी.

मिस्त्री घाईत नव्हते. त्यांनी रुमाल सोडला, पाणी मागितलं, चूळ भरली, पाच मिनिटं खाल्ली. मग बोटाने पाचवी पट्टी पुढे सरकवली.

“हे.”

गफूरभाईंचं तोंड उघडं राहिलं.

“जाड आहे की पातळ?” मॅडमनी विचारलं.

हे मी सांगितलंच नव्हतं. दोन बोटं जवळ आणून पातळ अशी खूण करावी म्हटलं, तर मॅडम आता नेमक्या माझ्याकडे बघत होत्या.

“पातळ,” मिस्त्री म्हणाले. “कागदभर.”

“मापून दाखवा.”

मी डबा उघडला, फडकं बाजूला केलं आणि व्हर्नियर काढलं. मिस्त्रींनी डब्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दुसरीकडे बघितलं. पट्टी मापली. एक पॉइंट नऊ. बाकीच्या सहा, बरोबर दोन.

मॅडमनी व्हर्नियर माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा मापलं. मग जबडा डोळ्यांजवळ नेला. “यात हे काय अडकलंय?”

“लाकडाचा भुसा,” मी म्हणाले.

“एवढासा फरक अंगठ्याला कळतो?” मॅडम मिस्त्रींना म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मैदानाबाहेर आला होता.

“लाकूड बोलते, मॅडम,” मिस्त्री म्हणाले. “फक्त आयकाले पायजे.”

मी ओठ चावला. गफूरभाई आपल्या मशीनपाशी जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पुढे कितीतरी दिवस ते गल्लीत सांगत होते की आपण स्वतः डोळ्यांनी पाहिलं, स्वतः सापळा लावला होता, तरी बुढ्ढा सुटला.

मॅडमनी त्यांच्या मुलींची धनुष्यं इथूनच न्यायचं ठरवलं. त्या गेल्यावर मी सँडरजवळ उभी राहिले. मिस्त्री अंगठ्याला हळद लावत होते.

“पातळ हे कसं समजलं?” मी विचारलं.

“घासलेलं लाकूड वाढते काय? तू खोटी पट्टी करशीन त पातळच करशीन.”

“आणि पाचवी?”

“आठ महिन्यात पहिल्यांदा काका झालो. कायतरी गडबड असल्याशिवाय तू कायले म्हनतं?”

मला हसू आलं, पण ते मी गिळलं, कारण खरा प्रश्न अजून राहिला होता. “माझ्या पट्ट्या बरोबर होत्या ना? बावीस, तेवीस. तुम्ही तर मापल्या होत्या त्या.”

“बराबर होत्या.”

“मग काहून पुसल्या?”

ते बराच वेळ अंगठ्याला चिंधी गुंडाळत राहिले. दोनदा गुंडाळून झाली तरी तिसऱ्यांदा सोडून पुन्हा सुरुवात केली.

“तू गोंदाच्या खोलीत गेली असती,” ते म्हणाले, “त झोयी पन गेली असती तुयासंगं. खोलीत, दाराआड. मंग मी काय करतो?”

आठ महिने. एकोणीस, बावीस, तेवीस. माझी उपाशी रात्र. सगळं एका झोळीसाठी.

“विकत घ्यायचं ना एक,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

“जाजूच्या दुकानातून? सकाऊन दौलत मिस्त्रीनं व्हर्नियर घेतलं, त दुपारून साऱ्या परतवाड्याले मालूम.” ते उठले. “तू यायच्या आधी दोन धनुष्य वापस आले होते. लाकूड खराब निघालं, असं सांगतलं मी. तू आली आन् मले वाटलं, देवानंच पाठवली. तुले नाही, त्याले.” आणि त्यांनी व्हर्नियरकडे बोट दाखवलं.

मग त्यांनी खडू घेतला आणि पत्र्यावर रेघा ओढायला लागले. मी मोजल्या नाहीत. ते मोजत होते, ओठ हलत होते. चोवीस झाल्यावर खडू खाली ठेवला.

त्या दिवशी निघताना मी व्हर्नियर झोळीत घातलंच नाही. सँडरच्या फळीवर, त्यांच्या हाताशी येईल असं, लाल पिशवीसकट ठेवून दिलं. बक्षीस होतं ते माझं. हात मागे घेताना जीव थोडा तुटला, पण ठेवलं.

सकाळी कामावर आले तर पिशवी माझ्या खुंटीवर होती. रक्ताचा डाग धुतलेला. आत व्हर्नियर, रॉकेलने पुसून लखलखीत केलेलं, सुपारीचा कण नाही. मला काही समजेना. मग सँडरकडे पाहिलं. तिथे भिंतीवर नवा खिळा ठोकला होता, आणि खिळ्याला दुसरं एक कोरं व्हर्नियर लटकत होतं. खाली पांढऱ्या रंगाने, मिस्त्रींच्या मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ललिताचे’.

“हे काय?” मी गफूरभाईंना विचारलं.

गफूरभाई मला माफ करायला तयार झाले होते, कारण बातमीच तशी होती. “मिस्त्री सुबे जाजू की दुकान गया. भर चौक में. जोर जोर से बोला, पोरीसाठी पायजे. तिच्या अंगठ्यात काही दम नाही, बिचारीले लोखंडाशिवाय जमत नाही.” ते पोट धरून हसले. “सारा मार्केट सुना.”

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते खाली मान घालून पट्टी निवडत होते. कान मात्र लाल झाले होते.

त्या सकाळी मी गोंदाच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. माझं पहिलं धनुष्य साच्यातून निघालं तेव्हा मिस्त्रींनी ते ताणून पाहिलं, वरचा हात, खालचा हात, आणि “बराबर” एवढंच म्हणाले. पुढची तेरा वर्षं ते रोज जेवण झाल्यावर ‘माझं’ व्हर्नियर खिळ्यावरून काढायचे, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. कुणी विचारलं तर म्हणायचे, पोरीचं बराबर चालते का नाही ते पाहतो. आणि कुणी पाहुणे आले की डोळे मिटून अंगठा फिरवायचे.

आता शेड माझ्याकडे आहे. मिस्त्री जाऊन बारा वर्षं झाली, तरी खिळा आणि त्याखालची अक्षरं मी रंगवू दिली नाहीत. परवा जाजूंच्या दुकानात पॉलिश पेपर घ्यायला गेले होते. आता त्यांचा मुलगा बसतो. सोबत बाहेरगावचं कुणी गिऱ्हाईक होतं, त्याला मी कोण हे तो कौतुकाने सांगत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ललिताताई, एवढी वर्षं झाली. तुम्हाला अजूनही व्हर्नियर लागतंच का हो?”

“लागतं,” मी म्हणाले. “मिस्त्रींसारखा अंगठा सगळ्यांना कुठून येणार?”